जिल्ह्याचं राजकारण लिहायचं असेल तर आधी कारखान्याचा अहवाल वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोहोळ तालुक्यातला एक तरुण, राज्यशास्त्रात एम.ए. झालेला, विचारतो की सोलापूर जिल्ह्याच्या राजकारणावर लिहिणारा पत्रकार आणि पुढे पुस्तकं लिहिणारा लेखक व्हायचं असेल तर पुण्या-मुंबईला जावंच लागतं का, यात पोट भरतं का, आणि पुस्तक होईल इतकं खोल उतरायचं कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

नवीन पोरं येतात ती पक्षांची माहिती घेऊन येतात. कोण कुठल्या पक्षात, कोणाची कोणाशी युती, हे त्यांना पाठ असतं. आपल्या जिल्ह्यात ती माहिती सहा महिन्यांत शिळी होते. बार्शीच घ्या. दिलीप सोपल २०१४ ला राष्ट्रवादीकडून निवडून आले. २०१९ ला शिवसेनेकडून लढले आणि अपक्ष राजेंद्र राऊतांकडून हरले. २०२४ ला ठाकरेंच्या सेनेकडून जिंकले, तेव्हा समोर राऊतच होते, शिंदेंच्या सेनेचे. पक्षांच्या रंगानं बार्शीचा नकाशा रंगवायला बसलात तर दर पाच वर्षांनी नवे रंग आणावे लागतील. सोपल गट आणि राऊत गट असे दोनच रंग घेतले तर तोच नकाशा बरीच वर्षं चालतो. करमाळ्यात जगताप, बागल, पाटील, शिंदे, पंढरपुरात परिचारक, भालके, आवताडे, अकलूजला मोहिते-पाटील. जिल्ह्याचा हिशेब गटात होतो, पक्ष ही त्या त्या निवडणुकीची सोय असते.

मग गट टिकतो कशावर? इथं खरं काम सुरू होतं. गट भाषणांवर टिकत नाही. कोणाच्या उसाला आधी तोड मिळाली, कोणाचं बिल वेळेवर निघालं, विकास सोसायटीचं कर्ज कोणाचं नवं-जुनं झालं, कोणाची सून संस्थेच्या शाळेत लागली, यावर तो टिकतो. सोलापूर जिल्ह्यात सहकारी आणि खासगी मिळून तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वाधिक. त्यातले किती सहकारी, किती खासगी, कुठला कधी कोणाकडे गेला, हे ज्याला माहीत नाही त्यानं इथल्या आमदारकीवर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विठ्ठल कारखान्याचे चेअरमन अभिजित पाटील २०२४ ला माढ्यातून आमदार झाले. ज्यांनी त्याआधीची कारखान्याची निवडणूक नीट पाहिली होती, त्यांना त्या निकालाचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला कंटाळवाणा आहे. तुमच्या भागातल्या एका कारखान्याचे गेल्या दहा वर्षांचे वार्षिक अहवाल मिळवा. वार्षिक सभेआधी ते सभासदांना मिळतात, म्हणजे गावात कोणाच्या तरी फळीवर धूळ खात पडलेले असतातच. सुरुवातीची छायाचित्रं आणि ‘संस्थेची घोडदौड’ वगैरे सोडून थेट ताळेबंदावर या. गाळप किती, साखरेचा उतारा किती, बँकांचं देणं किती वाढलं, सभासदांच्या ठेवी म्हणून किती कापले, तोडणी-वाहतुकीसाठी आगाऊ दिलेल्या उचलीपोटी किती रक्कम येणे दिसते. ही शेवटची ओळ वर्षानुवर्षं फुगत असेल तर तिथं बातमी आहे. लेखापरीक्षकाचे शेरे बारीक टायपात शेवटी असतात. ते सर्वांत आधी वाचावेत.

एफआरपीचा, म्हणजे उसाला कारखान्यानं द्यायच्या किमान दराचा विषयही असाच. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. थकवणाऱ्या कारखान्यांवर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली करायचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना जातो. बहुतेक बातम्या तिथं थांबतात. पुढं काय झालं, तहसीलदारानं बोजा चढवला का, साखर जप्त झाली का, लिलाव झाला का, हे कोणी विचारत नाही. आरआरसी निघाली त्या दिवशी सगळ्यांकडे बातमी असते. तीन महिन्यांनी फक्त तुमच्याकडे असू शकते.

कागद मिळवण्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथं भलेभले अडतात. सहकारी संस्थेकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की ‘आम्हाला कायदा लागू नाही’ असं उत्तर येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर ते साधारणपणे बरोबरही आहे. पण संस्थेवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय कायद्याच्या कक्षेत आहे, आणि कायद्यानं जी माहिती ते संस्थेकडून मागवू शकतं ती तुम्ही त्यांच्यामार्फत मागू शकता. म्हणून अर्ज कारखान्यात टाकू नका, प्रादेशिक साखर सहसंचालक कार्यालयात टाका. बँक-सोसायटीचा असेल तर उपनिबंधकांकडे. ‘गैरव्यवहाराची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. सहकार कायद्याच्या कलम ८१ खालचा अमुक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, कलम ८३ खालच्या चौकशीचा अहवाल, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित केल्याचा आदेश, असं नेमकं मागा. नेमकं मागणाऱ्याला कारकूनही गांभीर्यानं घेतो.

उसाच्या मागोमाग पाणी येतं. उजनी धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृत साठा. त्यामुळं ‘उजनी मायनसमध्ये’ हा शब्दप्रयोग बाहेरच्याला विनोदी वाटतो, आपल्याला तो रोजचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतलं पाच टीएमसी सांडपाणी इंदापूरला द्यायचा निर्णय झाला आणि जिल्हा पेटला. तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे स्वतः इंदापूरचे. सत्तेत असलेल्यांना आपल्याच सरकारविरुद्ध बोलावं लागलं आणि मे महिन्यात निर्णय मागं घ्यावा लागला. त्या महिन्यात कोण किती मोठ्यानं बोललं आणि कोण गप्प बसलं, याची एक यादी करून ठेवली असती तर पुढच्या दोन निवडणुकांचं अर्धं विश्लेषण तयार होतं. पाण्यावर लिहायचं तर आवर्तन, पाळी, टेल-टू-हेड, कालवा सल्लागार समिती हे सगळं पाटबंधारे खात्यातल्या माणसाकडून बसून समजून घ्या. पुढाऱ्याकडून समजून घेऊ नका, तो आपल्या चारीपुरतंच सांगतो.

तुम्ही मोहोळचे आहात, तर मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा अभ्यास घरातूनच सुरू करा. २००८ च्या पुनर्रचनेनं या जिल्ह्याचं राजकारण जितकं हललं तितकं कुठल्या लाटेनंही हललं नाही. मोहोळ आणि माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. मोहोळमध्ये १९९५ पासून सलग तीनदा निवडून आलेले राजन पाटील यांना स्वतः उभं राहता येईना. पण २००९ ला लक्ष्मण ढोबळे, २०१४ ला रमेश कदम, २०१९ ला यशवंत माने, तिन्ही वेळा राष्ट्रवादीचाच उमेदवार निवडून आला. नेत्याची उमेदवारी गेली, उमेदवार ठरवण्याची ताकद गेली नाही. २०२४ ला राजन पाटलांच्या गटाबाहेरचे राजू खरे जिंकले तेव्हा ती ताकद कुठं आणि कशी सुटली, हा प्रश्न मला कुठल्याही एक्झिट पोलपेक्षा मोठा वाटतो. तिकडं माळशिरस राखीव झाल्यावर विजयसिंह मोहिते-पाटील २००९ ला पंढरपुरातून लढले आणि भारत भालकेंकडून हरले. उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस शेजारच्या तालुक्यात हरतो, याचा अर्थ वजन कुठल्या शिवेपर्यंत चालतं हे तालुक्या-तालुक्याला ठरलेलं असतं. त्याच वर्षी नव्यानं झालेल्या माढा लोकसभेतून शरद पवार उभे राहिले. बार्शी जिल्हा म्हणून सोलापूरची, लोकसभेला धाराशिवची. मंगळवेढा तालुका मोठा, पण विधानसभेला पंढरपूरच्या नावाखाली. या सरमिसळीतून कोणाचं गाव कोणाच्या वाट्याला गेलं ते एकदा नकाशावर हातानं काढा. संगणकावर काढलेला नकाशा डोक्यात राहत नाही, हा माझा अनुभव.

सोलापूर शहर हे वेगळंच प्रकरण आहे. तिथं ऊस नाही, गिरण्या होत्या. त्या बंद पडल्या, आणि यंत्रमाग, विडी, चादर-टॉवेलवर उभं असलेलं पूर्व भागाचं तेलुगू भाषक जग उरलं. नरसय्या आडम मास्तर मार्क्सवादी पक्षाचे म्हणून १९७८, १९९५ आणि २००४ ला इथूनच विधानसभेत गेले. २००९ ला शहर मध्य मतदारसंघ झाला, प्रणिती शिंदे तिथून सलग तीनदा आल्या आणि आडम मास्तर पुन्हा आमदार झाले नाहीत. तरी कुंभारीचं रे नगर त्यांच्याच पाठपुराव्यातून उभं राहिलं. ३० हजार घरांची योजना, आणि त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते झालं. मतं मिळत नाहीत, काम होतं, श्रेय तिसराच घेतो: शहरावर पुस्तक लिहायचं तर हा एक धागा पुरेसा आहे. त्यासाठी विडी कारखान्याच्या दारात उभं राहून तेलुगूत चार वाक्यं बोलता आली पाहिजेत. अक्कलकोट आणि दक्षिण तालुक्यात कन्नड. उत्तम यायलाच पाहिजे असं नाही, पण आजीबाई शेजारणीला कन्नडमध्ये काय म्हणाली ते कळलं नाही तर तुम्ही पुढारी सांगेल तेच लिहाल. इथल्या पत्रकारितेचा वारसा जुना आहे. मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोरून रोज जाणाऱ्या किती पत्रकारांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

शहर आणि ऊस एकत्र आले ते चिमणीच्या वादात. सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. बाहेरच्या वाहिन्यांना चिमणी कोसळतानाचं दृश्य हवं होतं. इथल्या माणसाला त्यात विमानसेवा मागणारा शहरातला मध्यमवर्ग, गाळपाच्या चिंतेतले सभासद, लिंगायत समाजाची अस्मिता आणि कारखान्याची सूत्रं हाती असलेल्या काडादी घराण्याचं पुढचं पाऊल, असं सगळं दिसायला हवं होतं. पुढच्याच वर्षी धर्मराज काडादी सोलापूर दक्षिणमधून अपक्ष उभे राहिले. महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या सेनेचा असताना मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे या पिता-कन्येनं काडादींना पाठिंबा जाहीर केला. निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. चिमणीची फाइल ज्यानं जपली होती, त्याला त्या सकाळी नवी माहिती शोधत फिरावं लागलं नाही.

राज्यपातळीवरच्या पत्रकारितेत आणि आपल्यात काय फरक, हे सांगोल्यावरून कळतं. २०२२ ला सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं ‘काय झाडी, काय डोंगार’ राज्यभर गाजलं. पण सांगोल्याची गोष्ट त्या फोनपुरती नाही. गणपतराव देशमुख १९६२ पासून शेकापचे म्हणून तिथून अकरा वेळा निवडून आले. मधे १९९५ ला ते दोनशेहून कमी मतांनी हरले, ते याच शहाजीबापूंकडून. २०१९ ला गणपतरावांचे नातू अनिकेत ७६८ मतांनी हरले, तेही यांच्याकडूनच. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब जिंकले. इतक्या काठावरच्या तालुक्यात कुठल्या गावानं काय केलं हे शोधायचं, की संवादाच्या रील्स मोजायच्या?

गावानं काय केलं ते फॉर्म २० मध्ये असतं. केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. फक्त एक जपा: केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी दर निवडणुकीत बदलतात. २०१९ चं ११२ नंबरचं केंद्र २०२४ ला तेच असेल असं नाही, म्हणून केंद्रांची यादी सोबत ठेवून गावाच्या नावानं जुळणी करायची. वेळखाऊ आणि डोळे फोडणारं काम आहे. पण मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही आणि देशभरचे कॅमेरे माळशिरस तालुक्यात उतरले, तेव्हा ज्याच्याकडे त्या गावाचे आधीच्या निवडणुकांचे केंद्रनिहाय आकडे तयार होते तोच मुद्द्याचं बोलू शकत होता. बाकीचे बाजू घेत होते.

आता पोट. इथं गोड बोलून उपयोग नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मिळतं ते मानधन, आणि ते पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती कोण देतं? कारखाना, पतसंस्था, शिक्षण संस्था, आणि वाढदिवसाच्या पुरवणीसाठी पुढाऱ्याचे कार्यकर्ते. ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याकडेच वसुलीला जायचं. २००९ च्या निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’वर मोठी चर्चा झाली, प्रेस कौन्सिलच्या समितीनं अहवाल लिहिला, आता जिल्ह्या-जिल्ह्यात माध्यम संनियंत्रण समित्या आहेत. पण जाहिरातीच्या टार्गेटवर कुठलीच समिती नाही. मी एका दैनिकात असताना एका पतसंस्थेची बातमी दोन आठवडे अडकली होती, कारण तिची पुरवणी ठरलेली होती. ती बातमी शेवटी आली, आतल्या पानावर, चार ओळी. दैनिकाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दुसरीकडे वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

यावर माझा उपाय तत्त्वाचा नाही, सोयीचा आहे. राजकारणावर लिहायचं असेल तर उत्पन्नाचा एक पाय राजकारणाबाहेर ठेवा. माझे ओळखीचे जे लोक ताठ राहिले त्यात कोणी क्लास घेत होतं, कोणाची शेती होती, कोणाची पत्नी शिक्षिका होती, कोणी भाषांतरं करत होतं. जाहिरात वसुली आणि बातमी एकाच माणसाकडे नसावी, हे मालकाला पटवता आलं तर उत्तमच. बहुधा पटत नाही. यूट्यूब चॅनेल काढून पाहायला हरकत नाही, पण आज जिल्ह्यात चॅनेलचा बूम माईक हातात घेतलेले इतके आहेत की पुढाऱ्याला निवड करता येते, आणि तो सोपा प्रश्न विचारणाऱ्याचीच निवड करतो.

माणसं जोडण्याबद्दल एवढंच म्हणेन की नेत्यापेक्षा नेत्याभोवतीची जुनी माणसं जपा. निवृत्त कार्यकारी संचालक, कारखान्याचा शेतकी अधिकारी, जिल्हा बँकेतला जुना तपासनीस, पंचायत समितीचा हेडक्लार्क. सात रस्त्यावरच्या विश्रामगृहात मंत्र्याभोवती गर्दी असते. तिथं एखादं वाक्य मिळतं. त्यामागची गोष्ट अशा माणसांकडे असते, आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. ‘छापू नका’ म्हणून सांगितलेलं छापू नका. जिल्हा लहान आहे, एकदा शब्द मोडला की सगळ्या तालुक्यांत कळतं.

पुण्या-मुंबईबद्दल: दोन-तीन वर्षं जाऊन या, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारिता शिकायला मिळाली तर शिका, मंत्रालयात फाइल कशी फिरते ते पाहा. उजनीचा निर्णय इथं होत नाही, तिथं होतो. पण विषय इथला ठेवायचा असेल तर परत या. मुंबईत बसून जिल्ह्याचं राजकारण लिहिणारे शेवटी चार आमदारांच्या फोनवर जगतात.

पुस्तक एकदम होत नाही. आधी एका विषयावर दीर्घ लेख लिहा, दिवाळी अंकाला द्या. पाच-सात हजार शब्द पेलता आले की प्रकरण कसं बांधायचं ते हाताला कळतं. कात्रणं विषयवार लावा, तारीख आणि दैनिकाचं नाव नसलेलं कात्रण रद्दी समजा. जुनी दैनिकं आणि सोलापूरचं गॅझेटिअर, १८८४ चं इंग्रजी आणि नंतरचं राज्य सरकारचं, वाचनालयात बसून वाचा. हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करता येईल. नेत्यांचे गौरवग्रंथ जरूर वाचा; स्तुतीसाठी नाही, तर कोणत्या साली कोण कोणासोबत फोटोत आहे आणि नंतरच्या आवृत्तीत कोण गाळलं गेलं यासाठी. पैशाचा हिशेब असा: मराठीत हजार प्रतींची आवृत्ती निघणं ही चांगली गोष्ट मानतात, रॉयल्टी साधारण दहा टक्के. वर्षभराच्या हिंडण्याचा खर्च त्यातून निघत नाही.

आणि इथंच तुमच्याकडे कोणीतरी येईल. ‘साहेबांचं चरित्र लिहा, अमृतमहोत्सव आहे.’ मानधन तुमच्या पुस्तकाच्या रॉयल्टीच्या कितीतरी पट असेल. मी अशा लेखनाला पाप म्हणत नाही, चांगल्या लोकांनी केलंय. फक्त एक पथ्य: ज्याचं चरित्र लिहिलं त्या गटावर आणि त्याच्या विरोधी गटावर पुन्हा विश्लेषण लिहायचं नाही. वाचकाला दोन्ही एकाच लेखणीतून चालत नाही, आणि तालुक्यात हे लपतही नाही.

जिवंत माणसांवर लिहिताना प्रत्येक आरोपामागचा कागद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि खटला हरण्यापेक्षा तारखांना जाण्यातच माणूस दमतो. प्रकाशकाला हस्तलिखित देण्याआधी एका वकिलाला वाचायला द्या, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या.

विषय म्हणाल तर तुमच्या दारातच आहे: राखीव झाल्यानंतरचं मोहोळ, २००९ ते २०२४. चार निवडणुका, चार आमदार, आणि सगळे मुख्य साक्षीदार हयात आहेत. २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० उतरवून घ्या, गावांची जुळणी करा, आणि ज्या दहा गावांत सर्वांत जास्त फरक दिसेल तिथं पावसाळ्याआधी जाऊन या. ऊस उभा असताना लोकांना बोलायला वेळ नसतो.